इन्ग्रेस कंट्रोलर : शाळेच्या सर्व्हरचं आवक टेबल



शाळेतले तीन जुने संगणक जोडून त्यांचा क्लस्टर कसा केला, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. तो वाचून शेजारच्या केंद्रातल्या एका मॅडमनी आपल्या शाळेत तसाच प्रयोग केला आणि मला फोन केला. म्हणाल्या, "सर, क्लस्टर झाला. यादीत सगळं 'रनिंग' दाखवायलंय. पण पोरांनी मोबाईलमध्ये टाकायचं काय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आतमध्ये सगळं चालू आहे, पण बाहेरून आत यायला दार नाही. त्या दाराचं नाव इन्ग्रेस, आणि दारावर बसून काम करणाऱ्याचं नाव इन्ग्रेस कंट्रोलर. आजचा पाठ त्याचा. यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूक पण सांगणार आहे, कारण ती चूक संगणकाची नव्हती आणि तिचा त्रास एका पोराला झाला.

आधी थोडी उजळणी. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी. बंद पडलेल्या संगणक कक्षातले तीन डबे झाडून-पुसून चालू केले, प्रत्येकात ४ जीबी मेमरी. त्यावर लिनक्स आणि के३एस. के३एस म्हणजे कुबरनेटीसचंच हलकं रूप. कुबरनेटीस हे गूगलने २०१४ साली खुलं केलेलं सॉफ्टवेअर. नाव ग्रीक आहे आणि अर्थ आहे सुकाणू धरणारा. वेगवेगळी कामं बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, ठेवायची आणि कोणता डबा कोणत्या यंत्रावर चालेल, बंद पडला तर पुन्हा कोण चालू करील, हे त्यानं बघायचं.

आमच्याकडे तीन कामं चालतात. एक किविक्स, त्यावर मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. दुसरं कोलिब्री, त्यात गणित-विज्ञानाचे व्हिडिओ आणि स्वाध्याय. तिसरी मी स्वतः लिहिलेली सराव चाचणी, शिष्यवृत्तीसाठी. आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही, पण शाळेच्या आवारातलं वायफाय आपलं आपल्याला पुरतं.

माझा मावसभाऊ पुण्याला कंपनीत हेच काम करतो. त्याला सांगितलं तर हसला. "दादा, तीन कामांसाठी कुबरनेटीस? शेळीच्या गोठ्याला किल्ल्याचा बुरूज बांधायलास." त्याचं म्हणणं खोटं नाही. एकाच संगणकावर साधं एनजिनएक्स बसवलं असतं तरी भागलं असतं. पण आमचे संगणक म्हातारे आहेत, कोणता कधी झोपेल सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते शिकायचं होतं.

दार का लागतं?

क्लस्टरमधल्या प्रत्येक डब्याला (त्याला पॉड म्हणतात) स्वतःचा पत्ता असतो. त्याचा एक फायदा : किविक्स आणि कोलिब्री दोघंही ८०८० या पोर्टवर ऐकतात, तरी भांडण होत नाही, कारण घर वेगळं. पण हा पत्ता फक्त आतल्या आत चालतो, आणि पॉड मेला-नवा झाला की बदलतो. म्हणून पॉडच्या पुढे 'सर्व्हिस' नावाची पाटी लावतात. पॉड कितीही बदलोत, पाटी तीच राहते. मात्र साधी सर्व्हिससुद्धा आतल्या आतच दिसते.

बाहेर दाखवायचा सोपा उपाय म्हणजे नोडपोर्ट. त्यात ३०००० ते ३२७६७ यांच्यामधला एखादा आकडा मिळतो आणि प्रत्येक यंत्रावर तो उघडतो. मी आधी तेच केलं. फळ्यावर लिहिलं : विकिपीडियासाठी ३००८०, व्हिडिओसाठी ३००९०, चाचणीसाठी ३०१००. पहिल्याच दिवशी अर्धी पोरं चुकीच्या दारात. एका पालकांनी घरून फोन केला की आकडा लिहून घेतलाय पण उघडत नाही. शाळेच्या वायफायबाहेर ते उघडणार नाहीच, हे समजावताना माझीच दमछाक झाली. तिसरीच्या लेकरानं पाच आकडी संख्या पत्त्यात टाकणं हा संख्याज्ञानाचा सराव झाला, वाचनाचा नाही.

आता पंचायत समितीच्या कार्यालयात चला. आपण अर्ज घेऊन गेलो की वैद्यकीय बिलासाठी अमुक टेबल, सेवापुस्तकासाठी तमुक टेबल असं शोधत फिरत नाही, निदान फिरायला लागू नये. दाराशी आवक टेबल असतं. तिथला लिपिक पाकिटावरचं नाव आणि विषय वाचतो, आवक नोंदवहीत नोंद करतो आणि कागद योग्य टेबलाकडे पाठवतो. आपल्याला आतल्या टेबलांचे नंबर माहीत असायची गरज नाही. आतली टेबलं हलली, माणसं बदलली, तरी आपला पत्ता एकच.

इन्ग्रेस या शब्दाचा सरळ मराठी अर्थच आवक असा आहे. बाजार समितीत हळदीची आवक म्हणतो ना, तीच.

इथं एक फरक नीट लक्षात घ्या, नाहीतर माझ्यासारखी एक रात्र जाईल. 'इन्ग्रेस' हा नुसता नियमांचा कागद आहे : अमुक नावाने आलेला, अमुक वाटेने आलेला, तमुक सर्व्हिसकडे पाठवा. 'इन्ग्रेस कंट्रोलर' म्हणजे तो कागद वाचून काम करणारा लिपिक. कागद भिंतीला चिकटवला आणि खुर्चीवर कुणी बसलंच नाही, तर काय होईल? के३एसच्या आधी मी साधं कुबरनेटीस शिकत होतो, तेव्हा नेमकं हेच झालं. नियमाची फाईल दिली, उत्तर आलं 'क्रिएटेड'. मी खूष. ब्राउझरमध्ये मात्र शुकशुकाट. कुबरनेटीसच्या मूळ रूपात कंट्रोलर येतच नाही, तो वेगळा बसवावा लागतो. त्यानं कागद स्वीकारला, कारण कागद बरोबर होता. वाचणारा नाही, ही तक्रार त्यानं कुठंच केली नाही. ओळखायची खूण अशी : इन्ग्रेसची यादी काढल्यावर 'ॲड्रेस' हा रकाना बराच वेळ रिकामाच दिसला, तर बहुतेक वेळा खुर्ची रिकामी आहे.

के३एसमध्ये ट्रॅफिक नावाचा कंट्रोलर आधीच बसवून येतो आणि तिन्ही यंत्रांवर ८० आणि ४४३ ही दारं उघडून बसतो. ८० हे ब्राउझरचं नेहमीचं दार, म्हणून पत्त्यात आकडा टाकावा लागत नाही. आपल्यासारख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

कोणता कंट्रोलर?

यूट्यूबवर शोधलं तर दहापैकी आठ व्हिडिओ 'इन्ग्रेस एनजिनएक्स' बसवायला सांगतील. वर्षानुवर्षं तोच सगळ्यांत जास्त वापरात होता. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये कुबरनेटीसच्या मंडळींनी जाहीर केलं की हा प्रकल्प बंद होतोय. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी डागडुजी आणि त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा नाहीत. कारण ऐकून मला आपल्याच कामाची आठवण झाली : जगभर वापर, पण सांभाळणारी माणसं एक किंवा दोन, तीही नोकरी सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी. त्याआधी मार्च २०२५ मध्ये त्यात एक गंभीर भोक सापडलं होतं, त्यातून थेट आख्खा क्लस्टर हातात घेता येत होता. म्हणजे जुना व्हिडिओ बघून आज नव्याने ते बसवू नका. आणि गफलत करू नका : मूळ एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बंद झालेला नाही, आणि इन्ग्रेस हा नियमांचा कागदही रद्द झालेला नाही. फक्त त्या नावाचा एक लिपिक निवृत्त झालाय.

पुढची सोय म्हणून 'गेटवे एपीआय' नावाची नवी पद्धत आली आहे, तिची पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. मोठ्या ठिकाणी तिकडेच जाणार. आपल्या तीन डब्यांना इन्ग्रेस पुरतो.

नियम लिहिताना

नियमात चार गोष्टी असतात. होस्ट, म्हणजे कोणत्या नावाने आला. पाथ, म्हणजे नावापुढची वाट. सर्व्हिसचं नाव. आणि सर्व्हिसचा पोर्ट. वरती 'इन्ग्रेस क्लास' म्हणून एक ओळ असते, म्हणजे हा कागद कोणत्या लिपिकासाठी आहे. आमच्याकडे तिथं ट्रॅफिक लिहिलंय. फाईल यामल पद्धतीची असते, तिथं ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा महत्त्वाची. आपण पहिलीच्या पोराला समास सोडायला शिकवतो, तेवढं कडक. टॅबचं बटण दाबायचं नाही, स्पेसच द्यायची.

मी आधी एकाच पत्त्यावर तीन वाटा केल्या : १९२.१६८.१.१० नंतर तिरकी रेघ आणि सराव, किंवा ज्ञान, किंवा व्हिडिओ (अर्थात इंग्रजी अक्षरांत). सराव उघडलं. ज्ञानवर गेलो तर किविक्सनं '४०४, सापडलं नाही' म्हणून तोंड फिरवलं.

यात कोण चुकलं? कुणीच नाही. लिपिकाने पाकीट उघडलं नाही, जसंच्या तसं पुढे पाठवलं. पाकिटावर 'ज्ञान' लिहिलेलं. किविक्सला मात्र वाटतं की आपण मुळाशी बसलोय, आपल्याकडे 'ज्ञान' नावाची खोलीच नाही. उपाय दोन. एक, लिपिकाला सांगायचं की पुढे पाठवताना 'ज्ञान' खोडून पाठव. ट्रॅफिकमध्ये त्यासाठी 'स्ट्रिप प्रिफिक्स' नावाची सोय आहे. पण मग पानाच्या आतल्या चित्रांचे, दुव्यांचे पत्ते पुन्हा मुळापासून सुरू होतात, आणि पान उघडतं पण उघडं-बोडकं, चित्रं गायब. दुसरा उपाय बरा : किविक्सलाच सांगायचं की बाबा, तू 'ज्ञान' या वाटेवर बसलायस. किविक्स सुरू करताना मूळ वाट सांगता येते, कोलिब्रीतही पत्त्याची आगळ ठरवायची सोय आहे. माझे दोन दिवस पहिल्या उपायात गेले, दुसरा वीस मिनिटांत झाला.

त्याहून सोपं म्हणजे वाटांच्या ऐवजी तीन नावंच वेगळी ठेवायची : सराव डॉट शाळा, ज्ञान डॉट शाळा, व्हिडिओ डॉट शाळा. मग कुणाला काही खोडायची गरज नाही. आता आम्ही हेच वापरतो. फक्त ही नावं जगात कुठंच नाहीत, म्हणून शाळेच्या राउटरला ती शिकवावी लागतात. राउटरच्या स्थानिक नावांच्या यादीत प्रत्येक नावापुढे तिन्ही यंत्रांचे पत्ते टाकले, म्हणजे एक यंत्र झोपलं तरी ब्राउझर दुसऱ्याकडे जाऊन बघतो.

यातल्या दोन खोड्या सांगतो, कुठं लिहिलेल्या सापडत नाहीत. नाव टाकल्यावर मोबाईल कधी कधी ते शोधशब्द समजून गूगलकडे पळतो. नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की पत्ता म्हणून घेतो. आणि ज्या मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू आहे, तो आपल्या राउटरला नाव विचारतच नाही. आमच्या एका मॅडमच्या फोनवर काहीच उघडत नव्हतं, त्याचं कारण हे निघालं.

बिघाड कुठं आहे ते आकडा सांगतो

ब्राउझर फक्त फिरत राहिला आणि शेवटी थकला, म्हणजे आपण दारापर्यंतच पोचलो नाही : वायफाय, नाव किंवा पत्ता तपासा. ट्रॅफिकचं कोरं '४०४' आलं, म्हणजे लिपिक भेटला पण त्याच्या कागदात हा विषय नाही : होस्ट किंवा पाथमध्ये स्पेलिंग चुकलं. '५०२' म्हणजे टेबल सापडलं पण तिथून कुणी ओ दिली नाही : बहुतेक पोर्टचा आकडा चुकलाय. '५०३' म्हणजे टेबलाची पाटी आहे, माणूस जागेवर नाही : सर्व्हिसच्या मागे एकही तयार पॉड नाही. तपासताना नेहमी आतून बाहेर यायचं. आधी पॉड, मग सर्व्हिसच्या मागची 'एंडपॉइंट' यादी, मग इन्ग्रेस, मग नाव, शेवटी मोबाईल. आपण सगळे उलटं करतो, मोबाईल बंद-चालू करत बसतो.

दीक्षाच्या मागे काय आहे?

हे सगळं आपल्या रोजच्या कामापासून लांबचं वाटत असेल तर दीक्षा ॲप आठवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की जे उघडतं ते. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, ते सुरू झालं. ते 'सनबर्ड' नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, जे एकस्टेप फाउंडेशनने बनवलं. खुलं असल्यामुळे त्याची बांधणी कुणालाही वाचता येते. मी वाचली, सगळी कळली असं म्हणत नाही, पण ओळखीचं बरंच भेटलं.

आपल्याला पत्ता एकच दिसतो. आत मात्र लॉगिनचं काम एकाकडे, मजकूर शोधण्याचं दुसऱ्याकडे, कोर्सच्या प्रगतीची नोंद तिसऱ्याकडे, अशी कितीतरी टेबलं, प्रत्येक वेगळ्या पॉडमध्ये. आणि त्या बांधणीत दाराशी एक भाग ठेवलाय, त्याचं नावच 'एनजिनएक्स पब्लिक इन्ग्रेस'. गंमत म्हणजे वर सांगितला तसा नियमांचा कागद आणि लिपिक असा तो प्रकार नाही. साधं एनजिनएक्सच दाराशी बसवलंय आणि वाटांची यादी त्याच्याच फाईलमध्ये लिहिलीय. नाव इन्ग्रेस, काम आवकेचं, पद्धत जुनी. त्याच्याच शेजारी 'प्रायव्हेट इन्ग्रेस' म्हणून दुसरा भाग आहे. तो आतल्या सेवांनी एकमेकांशी बोलायचं दार, बाहेरच्यांसाठी नाही. हे दुसरं दार का केलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं, आणि महागात कळलं.

एका दाराने काय होत नाही

दार बसवलं की गर्दीचा प्रश्न सुटला असं समजू नका. १६ जुलै २०२१ आठवतोय? दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता, आणि कित्येक तास संकेतस्थळं उघडतच नव्हती. पोरं आणि आई-बाप मोबाईल हातात घेऊन बसलेले.

आपलं औंढा नागनाथ बघा. देवळाचं दार केवढं मोठं, पण गाभारा खाली आहे आणि खाली उतरायच्या पायऱ्या अरुंद, वाकून जावं लागतं. श्रावणी सोमवारी महाद्वार दुप्पट रुंद केलं तर दर्शन लवकर होईल का? रांग फक्त बाहेरून आत सरकेल. गाभाऱ्यात एका वेळी जेवढी माणसं मावतात, तेवढीच मावणार. देवळात दुसरा गाभारा करता येत नाही, क्लस्टरमध्ये येतो. एकाच कामाच्या तीन प्रती चालवा, सर्व्हिसच्या मागे तिन्ही लागतात आणि येणारी गर्दी वाटली जाते. किविक्सच्या मी तीन प्रती ठेवल्या, प्रत्येक यंत्रावर विकिपीडियाची फाईल कॉपी करून. पण कोलिब्रीची एकच आहे, कारण पोरांची प्रगती ती एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहिते आणि तीन प्रती एकाच वहीत एका वेळी लिहायला लागल्या तर वही फाटते. म्हणजे शेवटी अरुंद पायरी कुठं ना कुठं राहतेच. ती कुठं आहे हे माहीत पाहिजे.

(औंढ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, त्याच परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिली. आमच्या आठवीच्या पोरांना मी म्हणतो, उद्या तिथं संगणक सांभाळायला माणसं लागतील, ती बाहेरूनच का यावीत?)

माझी चूक

आता ती गोष्ट.

सराव चाचणी मी घरच्या लॅपटॉपवर लिहिली. पोरांनी पेपर सोडवायचा तो भाग, आणि माझ्यासाठी एक निकालाचं पान, त्यात सगळ्यांची नावं आणि गुण एका खाली एक. घरात मी एकटाच वापरणार, म्हणून निकालाच्या पानाला पासवर्ड ठेवला नाही. पुढे तेच जसंच्या तसं क्लस्टरवर चढवलं. इन्ग्रेसचा नियम लिहिताना वाट दिली 'सराव' आणि प्रकार निवडला 'प्रिफिक्स'.

प्रिफिक्सचा अर्थ मी वाचला होता. 'सराव' लिहिलं की 'सराव' आणि त्याच्या पुढे रेघ देऊन जे जे येईल ते सगळं आत सोडलं जातं. दुसरा प्रकार 'एक्झॅक्ट', त्यात अक्षर न् अक्षर जुळलं तरच. वाचलं होतं, पण 'सराव'च्या पुढे माझं निकालाचं पानसुद्धा बसलंय, हे डोक्यात आलं नाही.

एकदा वर्गात प्रोजेक्टर चालू असताना मी निकालाचं पान उघडलं, लगेच बंदही केलं. पत्त्याची पट्टी मात्र पोरांनी वाचली. आपण त्यांना वाचायलाच तर शिकवतो. दोन-तीन दिवसांनी पाचवीतली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, शेवटी निकाल टाकलं की सगळ्यांचेच मार्क दिसायलेत."

तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका पोराला पन्नासपैकी सहा गुण होते. त्याचे आई-वडील ऊसतोडीला गेले की तोही जातो, मध्येच परत येतो, त्याचं अर्धं वर्ष असंच जातं. पोरांनी त्याचं नाव 'सहा' ठेवलं. दोन दिवस तो शाळेत आला नाही. मला वाटलं ताप असेल.

त्याच्या घरी गेलो. आजी होती. मी काय सांगणार, इन्ग्रेस आणि प्रिफिक्स? सांगितलं की मार्क गुप्त ठेवायचे होते, माझ्या हातून उघडे पडले, चूक माझी आहे. आजी म्हणाली, "गुरुजी, मार्क कमी हायेत ते त्याला ठावं हाय. सगळ्यायला सांगायचं न्हवतं." पोरगा दाराआड उभा राहून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी आला. वर्गातही मी तेच सांगितलं, माझी चूक म्हणून. नाव ठेवणाऱ्या पोरांना रागावलो नाही, कारण उघडं दार मी ठेवलं होतं.

दुरुस्ती कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण हे तुमच्याकडेही होऊ शकतं. पहिल्यांदा वाटलं नियमात 'निकाल'ला अडवू. पण इन्ग्रेसच्या कागदात कुणाला कुठं पाठवायचं एवढंच लिहिता येतं, 'याला पाठवू नका' असा रकाना त्यात नाही. अडवायचं असेल तर प्रत्येक कंट्रोलरची वेगळी जोडणी करावी लागते, आणि ती विसरली की दार पुन्हा उघडं. मग लक्षात आलं की निकालाला दार हवंच कशाला? बघणारा मी एकटा. निकालाचा भाग चाचणीतून कापून वेगळा पॉड केला, त्याला वेगळी सर्व्हिस दिली आणि इन्ग्रेसमध्ये त्याचं नावच लिहिलं नाही. सर्व्हिसचा प्रकार साधा 'क्लस्टर आयपी', नोडपोर्ट नाही. मला बघायचं असेल तेव्हा माझ्या लॅपटॉपवरून 'पोर्ट फॉरवर्ड'ची आज्ञा देतो, तेवढ्यापुरती एक बोळ उघडते, काम झालं की बंद. आणि त्या पानाला पासवर्डही घातला, कारण आतल्या खोलीलाही कडी पाहिजे. सनबर्डवाल्यांचं ते दुसरं, आतलं दार मला त्या दिवशी समजलं.

तुमच्याकडे क्लस्टर असेल तर आज एवढंच करा. सगळ्या नेमस्पेसमधल्या इन्ग्रेसची यादी काढा आणि प्रत्येक वाटेसमोर कागदावर लिहा, हिच्या पुढे अजून कोणती पानं आहेत. नोडपोर्टचीही यादी काढा. इन्ग्रेस आला तरी जुने नोडपोर्ट आपोआप बंद होत नाहीत. माझा ३०१०० तसाच उघडा राहिला होता, म्हणजे पुढचं दार बंद केलं तरी मागचं सताड उघडं. तो मी चार दिवसांनी काढला.

कुलुपाबद्दल पालक विचारतात, ब्राउझर 'सुरक्षित नाही' का दाखवतो? शाळेच्या आतल्या नावांना बाहेरच्या जगाचं प्रमाणपत्र मिळत नाही. खरं डोमेन नाव घेतलं तर लेट्स एन्क्रिप्टकडून प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते नव्वद दिवसांचं असतं आणि कुलूप इन्ग्रेस कंट्रोलरच सांभाळतो, आतल्या पॉडना त्याची काळजी नसते. आमच्या शाळेत ते अजून केलेलं नाही. म्हणून पोरांनी या पानांवर पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक असं काही टाकायचं नाही. हजेरी क्रमांकावर चाचणी होते.

फोन केलेल्या मॅडमचं दार परवा उघडलं. त्यांना '५०३' येत होतं. सर्व्हिसमधल्या लेबलचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं होतं, म्हणून मागे एकही पॉड लागत नव्हता. फोनवर अर्धा तास गेला. ठेवताना त्यांना निकालाच्या पानाचं विचारलं. म्हणाल्या, "आहे की, त्याच वाटेवर." मग आणखी अर्धा तास.

आमच्याकडे गुण आता मी चिठ्ठीवर हाताने लिहितो, घडी घालतो आणि ज्याची त्याला देतो.